दातांतली पेन्सिल

मी थापा मारतो असं लोक म्हणतात. ही शुद्ध थाप आहे. मी खऱ्याला जरा घासून-पुसून, तेलपाणी करून पुढे ठेवतो, इतकंच. धंदाच तो माझा. बंदुकीचे दस्ते बेतणं आणि घासणं. दस्ता म्हणजे बंदुकीचं ते लाकूड, जे नेमबाज खांद्याला लावतो आणि ज्याच्यावर गाल टेकवून नेम धरतो. एका दस्त्याला मी अशी चकाकी आणली होती, की त्याचा मालक आठवडाभर त्यात बघून दाढी करत होता. आठव्या दिवशी बघतो तर आत त्याची बायको भांग पाडत उभी. शेवटी दोघांनी वेळा वाटून घेतल्या.

पण आज सांगतोय त्यात तेलपाणी नाही. निदान बेतानं आहे.

माझ्या थोरल्या भावाची मुलगी, आमची बारकी. नाव बारकी, पण माझ्या कारखान्याच्या दारातून वाकून आत येते. दिवसभर दवाखान्यात एक्सरे काढते, म्हणजे लोकांना "श्वास रोखा" म्हणून सांगते, आणि संध्याकाळी क्लबच्या हॉलमध्ये जाऊन स्वतःचा श्वास रोखते. नेमबाजी करते. निवड चाचणीत पहिले चार संघात जातात. दोन वेळा ती पाचवी आली. एकदा एका गुणानं, एकदा अर्ध्या.

त्या दिवशी ती आली ती काखेत ब्लँकेटची गुंडाळी घेऊन. गुंडाळी माझ्या बाकावर आदळली आणि म्हणाली, "काका, पुढच्या रविवारी चाचणी. तिसऱ्यांदा पाचवी आले ना, तर बाबांनी डोळ्यापायी टांगली तशी बंदूक भिंतीला टांगते आणि विषय संपवते."

"टांगायला भिंत कुठली? तुझ्या खोलीत कपडेच मावत नाहीत."

"मस्करी नाही, काका."

नव्हतीच. तिच्या हनुवटीवरून कळलं. आमच्या घराण्यात हट्ट हनुवटीत असतो.

गुंडाळीत एक दस्ता होता. क्लबातल्या एका जुन्या नेमबाजानं नेमबाजी सोडताना तिला दिलेला. माणूस म्हणजे कपाट होता कपाट, आणि दस्ता त्याच्या मापाचा. हाताची पकड एवढी जाड की बारकीची बोटं अर्ध्यात संपत होती. वरून कुणीतरी थापलेलं पिवळं वॉर्निश, पापुद्रे सुटलेलं. पण आतलं लाकूड नामी होतं. थरांचं. म्हणजे एकसंध खोडातून कापलेलं नाही. कागदापेक्षा जाड आणि बिस्किटापेक्षा पातळ असे पन्नासेक पदर, एक तपकिरी एक राखाडी, सरसात बुडवून उभे एकमेकांना चिकटवलेले आणि दाबून दगडासारखे केलेले. असं लाकूड दमट हवेत फुगत नाही, उन्हात पिळवटत नाही. आणि चहाडखोर तर इतकं! तुम्ही गोलाई काढायला लागलात की पदर उघडे पडतात आणि नकाशातल्या डोंगरासारख्या रेषा उमटतात, एकात एक अंडाकृती. डाव्या बाजूला सात रेषा आणि उजव्या बाजूला सहा दिसल्या, की समजा तुमचा हात घसरला. या लाकडापुढे खोटं चालत नाही. म्हणून मला ते जरा कमीच आवडतं.

आता माप घ्यायची रीत ऐका, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. नेमबाजानं डोळे मिटायचे, बंदूक खांद्याला लावायची, गाल आपसूक पडेल तसा दस्त्यावर पडू द्यायचा आणि मग डोळे उघडायचे. डोळा थेट मागच्या छिद्रासमोर आला पाहिजे. छिद्रातून पुढची कडी, कडीतून निशाण. डोळा खाली राहिला तर लाकूड कमी, वर गेला तर लाकूड जास्त. छिद्र वरखाली करायला स्क्रू असतो, पण तो गोळीसाठी. डोळ्याची सोय बघायला जाल तर गोळी भलतीकडे जाईल. डोळ्याची सोय लाकडानंच करायची. आणि माप घेताना मी पेन्सिल आडवी दातांत धरतो. कायम. एकतीस वर्षं. गिऱ्हाइकांना वाटतं कारागिराची लकब आहे. दोन पोरं माझी नक्कल करून दातांत पेन्सिल धरायला लागली होती, मी त्यांना काही बोललो नाही. बोलणार कसा, माझ्याही दातांत पेन्सिल.

बारकी त्या दस्त्यात आपली नळी बसवून, बंदूक लावून उभी राहिली. सरळसोट, जणू तिचाच एक्सरे काढायचाय. मी नवी पेन्सिल दातांत धरली, अजून चावलीही नव्हती. तिनं एक डोळा उघडला.

"काका, ती बहिऱ्या उंदराची गोष्ट सांगा ना. बाबा म्हणतात तुमच्याइतकी कुणी सांगत नाही."

मी मान हलवली. नाही.

"सांगा हो! मला फार धडधडतंय दोन दिवस." आणि हात लांबवून तिनं माझ्या तोंडातली पेन्सिल काढून घेतली.

आता मला सांगा, अशी मागणी होऊन मी गप्प बसेन का? सांगितली. एक उंदीर पहारेकऱ्याच्या बंदुकीच्या दस्त्यात, आतल्या पोकळीत राहायचा. डोक्यावर रोज बार उडून उडून ठार बहिरा झाला. मग घरात ओरडूनच बोलायचा, बायको माहेरी गेली तरी त्याला आठ दिवस पत्ता नाही. एकदा मांजर समोर येऊन गुरगुरलं, ह्याला वाटलं ते आभार मानतंय, म्हणून हा म्हणतो, "अहो त्यात काय एवढं, बसा!" आणि मांजर बिचारं संकोचानं बसलं. बारकी हसून हसून लाल. पेन्सिल तिच्याकडून घेऊन मी बोलत बोलत खुणा केल्या, रेषा मारल्या, पेन्सिल परत खिशात टाकली. माप झालं.

मग कामाला लागलो. तुटक्या काचेनं खरवडून वॉर्निश काढलं. बुडाकडचं जास्तीचं लाकूड करवतीनं एका तुकड्यात उतरवून फळीवर ठेवून दिलं. पकड खरबरीत कानशीनं आत घेतली. सरसाच्या रेघेवर कानस कुरकुरते, पदरावर मऊ चालते, कर्र-सुई-कर्र-सुई, दिवसभर. गाल टेकायची जागा खुणेपर्यंत खाली आणली. रेषा मोजल्या. डावीकडे नऊ, उजवीकडे नऊ. ओल्या फडक्यानं पुसलं की लाकडाची लव उभी राहते. ती सुकवून बारीक पॉलिशपेपरनं भादरायची, असं तीनदा. मग जवसाचं तेल, तळहातानं, हात भाजेपर्यंत चोळून. एक हात मारला की एक दिवस थांबायचं.

हे थांबणंच मला जमत नाही. मी बाकाभोवती फेऱ्या मारतो, हत्यारांच्या जागा बदलतो, परत होत्या तिथं ठेवतो. दर पंधरा मिनिटांनी बोट लावून बघतो. आमची ही स्वयंपाकघरातून ओरडली, "तुम्ही असं टक लावून बसलात तर ते लाजून सुकायचंच नाही! बाहेर जा."

"बाहेर काय करू?"

"आत काय करताय?"

दोन दिवस असेच गेले. गुरुवारी सकाळी शेवटचा हात मारून झाला. मी प्रत्येक दस्त्याच्या बुडाला, धातूची पट्टी बसते त्याच्या आत, तारीख लिहून ठेवतो. खिशातून पेन्सिल काढली. लिहिली तारीख. आणि पेन्सिलीकडे बघत राहिलो.

नवीकोरी. लाल रंग जसाच्या तसा. एकही दात उमटलेला नाही.

अख्खं काम झालं होतं आणि पेन्सिलीवर दात नव्हता.

मी बाकावर बसलो, उठलो, परत बसलो. माणूस हसला की गाल वर चढतो, फुगतो. फुगलेला गाल दस्त्यावर टेकला की डोळा वर उचलला जातो. मी बारकीच्या हसऱ्या गालाचं माप घेतलं होतं. चाचणीच्या दिवशी कोण हसतं? तोंड आवळलं, गाल बसला, की डोळा छिद्राच्या खाली जाणार. किती? मी स्वतःच्या गालावर पट्टी धरून आरशासमोर हसून आणि रडून बघितलं. एक सूत. सुताराचं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाचव्या नंबरसाठी भरपूर झालं.

"आरशासमोर काय चाललंय?" हिनं विचारलं.

"हसण्यातून रडणं वजा करतोय."

"मग काही उरलं तर सांगा," म्हणाली आणि गेली. चाळीस वर्षं माझ्याबरोबर काढलीत तिनं.

दस्ता ब्लँकेटात गुंडाळला आणि तडक हॉल गाठला. बारकी सरावाला आलेली. तिनं दस्ता बघितला आणि "आई गं!" म्हणाली. तेलात पदर उजळले होते, पकडीवर डोंगरच्या डोंगर उमटले होते. दोन स्क्रू आवळून तिनं त्यात नळी बसवलीसुद्धा.

"थांब," मी म्हणालो. "चुकलाय. गालाखाली एक सूत लाकूड कमी आहे."

"काहीतरीच."

"देवाशपथ. मी माप घेताना तू हसत होतीस. तू गंभीर झालीस की डोळा खाली जाणार."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि फिस्सकन हसली. "म्हणजे हा हसऱ्या माणसांचा दस्ता? बहिऱ्या उंदराचा भाऊबंद का?" आणि हसत हसतच बंदूक लावली, डोळे मिटले, उघडले. "अहो काका, तंतोतंत आहे! छिद्र थेट डोळ्यासमोर!"

"कारण तू हसतेयस!"

"बरं, नाही हसत." तिनं तोंड सरळ केलं. माझ्या तोंडाकडे गेली नजर. परत फुटली. "तुम्ही असं कपाळ नका ना धरू!"

"बारके, एकदा तरी ऐक—"

"तुम्ही म्हणाला होतात ना, एका दस्त्याला तेल इतकं आवडलं की त्याला पालवी फुटली? तसंच हे." परत गाल टेकवला. परत तंतोतंत. शेजारच्या पट्ट्यातला नेमबाजही हसायला लागला.

आयुष्यात पहिल्यांदा मी पूर्ण खरं बोलत होतो आणि जितकं खरं बोलावं तितका माझा दस्ता बरोबर ठरत होता. गुरुवार अर्धा संपला होता. तुकडा चिकटवायचा तर सरस धरायला एक दिवस, घडवायला एक दिवस. शुक्रवारी किंवा शनिवारी तिच्या लक्षात येऊन काही उपयोग नव्हता. आणि सरावात ती गुणगुणत असते, गाल फुगलेलेच. लक्षात येणार होतं ते रविवारी.

ते लाकूड कसं परत लावायचं ते मला ठाऊक होतं. तिचं हसू कसं थांबवायचं तेही ठाऊक होतं. तेच एकतीस वर्षं मी गिळून बसलो होतो.

"बारके," मी म्हणालो, "बंदूक लाव. गाल टेकव. टेकवलास? आता ऐक. तुझ्या बाबाचा उजवा डोळा कधीच अधू नव्हता."

ती गालावरून हलली नाही. हसू अजून होतं, पण अर्धवट.

"त्याचा दस्ता मीच केला. अक्रोडाचा, तुमच्या भिंतीवर आहे तो. माप घेताना मी त्याला बहिऱ्या उंदराची गोष्ट सांगत होतो. निवडीच्या दिवशी तो घाबरलेला, तोंड आवळलेलं. छिद्रातून काही दिसेना. मान ताणून ताणून नेम धरत होता. दोन गुणांनी गेला. घरी येऊन त्यानं बंदूक लावून बघितली तेव्हा मी त्याला हसवत होतो, दुःख विसरावं म्हणून. तेव्हा सगळं बरोबर दिसलं. तो म्हणाला, दस्त्यात खोट नाही, माझ्या डोळ्यातच आहे. आणि मला त्याच क्षणी कळलं होतं."

"मग?"

"मग काही नाही. मी बोललो नाही."

हॉलमध्ये कुठंतरी एक गोळी पत्र्यावर आपटली. बारकीचा गाल दस्त्यावर तसाच होता. मी बघत होतो. हळूहळू खाली बसला. तिनं डोळा मिटला, उघडला.

"दिसत नाहीये," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट. "छिद्राच्या खाली जातेय."

"एक सूत."

तिनं बंदूक खाली ठेवली. स्क्रू सोडवले, दस्ता माझ्या हातात दिला. "बाबांनी पाच डॉक्टर केले, काका. अजून थेंब घालतात. हिरवा चष्मा घालून फिरतात, आम्ही चिडवतो त्यांना."

"माहीत आहे."

"तुम्हीही चिडवता."

मी दस्ता ब्लँकेटात गुंडाळायला लागलो.

"हा दुरुस्त करा," ती म्हणाली. "आणि रविवारी माझा शेवटचा बार उडायच्या आत बाबांना सांगा. मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. तेलपाणी न करता."

बुडाकडून उतरवलेला तुकडा फळीवरच होता. शुक्रवारी तेल चढलेली जागा खरवडून कोरी केली, तुकडा सरस लावून शिकंज्यात आवळला. मग दिवसभर फेऱ्या. हिनं विचारलं नाही, फक्त चहा ठेवून गेली. शनिवारी बारकी आली. मी पेन्सिल दातांत धरली, ती गप्प, मी गप्प. कानशीची कर्र-सुई तेवढी. डोळे मिटले, उघडले. बोटानं "अजून" अशी खूण. परत. परत. मग मान हलवली. पदर जुळले नव्हते. जुन्या तपकिरी रेघेवर नवी राखाडी आलेली, एखाद्या चुकलेल्या शिवणीसारखी. मी पेन्सिल काढून म्हणालो, "तेलाचा एक हात मारतो, जरा झाकेल." ती म्हणाली, "नको. कोरंच राहू दे." घेऊन गेली.

रविवारी दादा माझ्या आधी येऊन बसला होता, प्रेक्षकांच्या दुसऱ्या रांगेत, हिरवा चष्मा लावून. चाचणी चालू असताना तिथं शब्द काढता येत नाही. माझ्यासारख्यासाठी ती तुरुंगाची कोठडीच. मी सुरू होण्याआधी सांगणार होतो, तेव्हा दादानं खिशातून थेंबांची बाटली काढली आणि मला म्हणाला, "डोळा फाकवून धर रे जरा." धरला. त्यात थेंब पडताना बघितला. सांगायचं राहिलं.

पहिले दहा बार झाले, वीस झाले. बारकीची पाठ आमच्याकडे. समोर मोठ्या पाटीवर नंबर बदलत होते. ती सहावी. पाचवी. परत सहावी. माझा गुडघा उडत होता, दादानं त्यावर हात ठेवून दाबला. चाळीस. पाचवी. पन्नास. मी घड्याळ बघितलं, खिसे चाचपले, रुमाल काढला, ठेवला. उरले दहा. मग उरले सहा.

मी वाकून दादाच्या कानात सांगितलं. सगळं. उंदीर, पेन्सिल, एक सूत.

त्याचे खांदे हलायला लागले. तोंडावर रुमाल दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता. "कहर आहेस," तो कुजबुजला. "इथंसुद्धा?"

"दादा, खरं आहे."

"हो हो. आणि उंदीर पंच होता."

मी खिशातून ती पेन्सिल काढली, दातांत आडवी धरली आणि त्याच्याकडे बघत राहिलो. हसलो नाही. हललोही नाही. तो रुमालाआडून हसत होता. मग कमी हसला. मग माझ्या तोंडातल्या पेन्सिलीकडे बघत राहिला. एकतीस वर्षं ती त्यानं बघितली होती.

रुमाल खाली आला. त्यानं हिरवा चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. डावा डोळा तळहातानं झाकला. उजव्यानं पाटीकडे बघायला लागला, डोळा बारीक न करता, शाळेतलं पोर फळ्याकडे बघतं तसा. ओठ हलत होते, वरून खाली नावं वाचत होता. खाली बारकीचा शेवटचा बार झाला. पाटी एकदा लुकलुकली.

"चार," दादा म्हणाला. "चौथी आहे ती. पाचवीपेक्षा तीन दशांशांनी वर."

मला पाटीवरचे दशांश दिसतच नव्हते.

लोक उठले, टाळ्या झाल्या. बारकी वळली आणि आधी बाबाच्या नाकावर चष्मा आहे का ते बघितलं. मग माझ्याकडे. हसली नाही, पण मान हलवली. दादा जिना उतरून तिच्याकडे गेला. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. चष्मा खुर्चीवरच राहिला, तो मी उचलून आणला.

सोमवार गेला. मंगळवार गेला. मी पंधरा पेन्सिलींना टोकं काढून ठेवली. ही म्हणाली, "जाऊन या ना त्यांच्याकडे." दारापर्यंत जाऊन दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा फाटकापर्यंत गेलो, ती प्रगती.

गुरुवारी दुपारी दादा आला. काखेत अक्रोडाचा दस्ता, नळीसकट, धूळ पुसलेला. बाकावर ठेवला. "याला एक सूत लाव," म्हणाला. बाकीचं काही नाही. रागावलेला होता का, होता. अजून आहे.

तो दस्ता खांद्याला लावून उभा राहिला. मी पेन्सिल दातांत धरली, पट्टी घेतली. त्यानं डोळे मिटले. तोंड आवळलेलं, गाल बसलेला. मी खूण करायला वाकलो, तेवढ्यात तो डोळे न उघडता म्हणाला,

"मग? त्या उंदराचं पुढं काय झालं?"

पेन्सिलीच्या लाकडात दात रुतल्याचा आवाज मला ऐकू आला. मी मान हलवली. नाही. त्याला दिसणार नव्हतं, म्हणून त्याच्या खांद्यावर बोटानं दोनदा टकटक केलं आणि खूण मारली.